इस्मो, तुम्ही जागे आहात का?

गाडी घेऊन जेमतेम चौदा महिने झाले होते आणि कंपनीने तिला तिसऱ्यांदा माहेरी बोलावलं. पहिल्या खेपेला वायपर लावला की मागची खिडकी उघडायची. दुसऱ्या खेपेला सीट आपोआप तापायची, तीही ऐन जुलैत! आता म्हणे चालकाला डुलकी लागली तर गाडीला ते कळत नाही, म्हणून चेहऱ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा बसवून दिला. गावातल्या निम्म्या लोकांनी तीच गाडी घेतलेली. त्यामुळे वर्कशॉपच्या रांगेत सगळे भेटायचे, थर्मासमधली कॉफी वाटून घ्यायचे आणि कंपनीचा मनसोक्त उद्धार करायचे. त्या अख्ख्या रांगेत एकच माणूस गप्प असायचा. सिर्कूचा नवरा इस्मो.

इस्मो हामे भागातला. तिकडची माणसं दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याआधी जरा बसून घेतात. इस्मोने तर जन्मतःच तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आनंद झाला की त्याची डावी भुवई किंचित वर जायची. राग आला की तीच किंचित खाली. चोवीस वर्षांच्या संसारानंतर सिर्कूला त्यातला फरक बऱ्यापैकी ओळखता यायचा.

गाडीला यायचा नाही.

त्या शनिवारी त्यांची लेक लुमी शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्याची पांढरी टोपी घालणार होती. बरोबर दहाला, सगळ्या वर्गाने एकदम! शाळा चाळीस किलोमीटरवर. सिर्कूचा हात सौनाच्या वाफेच्या खोलीत घसरून प्लास्टरमध्ये गेलेला, लुमीकडे अजून लायसन नाही. म्हणजे चालवणार इस्मोच. नऊला निघाले आणि सहाव्या किलोमीटरला गाडीने मधाळ आवाजात विचारलं,

"इस्मो, तुम्ही जागे आहात का?"

इस्मोने मान हलवली. निदान त्याला तरी तसं वाटलं.

"चेहऱ्यावर हालचाल आढळली नाही. गाडी थांबवत आहे."

आणि थांबली की हो! डावीकडे जंगल, उजवीकडे जंगल.

"बाबा, हसा ना तिच्याकडे बघून!" लुमी मागून ओरडली.

इस्मो हसला.

"चालकाला वेदना होत आहेत," गाडी म्हणाली. "मदत बोलावत आहे."

फोन लागलासुद्धा. "मदत केंद्र. चालक बेशुद्ध आहे का?"

"बेशुद्ध नाही हो, हामेचा आहे!" सिर्कू किंचाळली.

"अगंबाई!" पलीकडची बाई एकदम मऊ झाली. "माझे सासरेही तिकडचेच. त्यांना बोलतं ठेवा. बोलणं थांबलं की गाडी थांबणार बघा."

"काय बोलू?" इस्मोने विचारलं.

तेवढ्यावर गाडी दोनशे मीटर गेली.

"काहीही बोल रे!" सिर्कू म्हणाली. "सव्वानऊ वाजून गेले! पोरीची टोपी राहील ना!"

"बटाटे लावलेत," इस्मो म्हणाला. मोठा श्वास घेतला. "उगवले नाहीत अजून."

एक किलोमीटर. मग तो पावसावर बोलला. मग शेजाऱ्याच्या बोटीवर. मग विषयच संपले, गाडी पुन्हा हळू व्हायला लागली आणि इस्मोच्या कपाळावर घाम फुटला.

"तळ्याकाठी नाच असायचे," तो एकदम लुमीला म्हणाला. "तुझी आई पिवळ्या फ्रॉकमध्ये यायची. मला विचारायचं होतं, नाचतेस का. धीरच होईना. म्हणून मी सॉसेजच्या टपरीपाशी उभा राहायचो. खात. तीन उन्हाळे."

"तीन उन्हाळे?" सिर्कूने आ वासला. "मला वाटायचं, तुला सॉसेज आवडतात! चोवीस वर्षं दर शनिवारी भाजतेय मी!"

"नाही आवडत," इस्मो म्हणाला. "कधीच नाही आवडली."

गाडी सुसाट सुटली.

सिर्कू हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. तिने प्लास्टरचा हात त्याच्या खांद्यावर आपटला. "पुढे बोल, माठ्या! मग चौथ्या उन्हाळ्यात काय झालं?"

दहाला दोन मिनिटं कमी असताना लुमी सभागृहात धावत शिरली. टोपी डोक्यावर चढली तेव्हा इस्मोची भुवई इतकी वर गेली की पार केसांत जाऊन बसली.

तीन आठवड्यांनी चौथं पत्र आलं. लोकांच्या तक्रारींमुळे कंपनी ती झोपेची भानगड काढून टाकणार होती, तरी गाडी घेऊन यावं. सिर्कूने पत्र एकदा वाचलं आणि सौनाची चूल त्याच्यावर पेटवली.

"कसलं पत्र?" इस्मोने विचारलं.

"जाहिरात."

सोमवारी वर्कशॉपमधल्या मुलीचा फोन आला. "काकू, गाडी आणायचीच नाही, हे नक्की ना? कंपनीचा मेसेज मिळाल्या मिळाल्या इस्मोंनीच फोन करून नको म्हणून सांगितलं."

"इस्मोने? फोन केला?"

"अहो, अठ्ठावीस मिनिटं! शेवटी मलाच ठेवावा लागला. बटाटे उगवले म्हणे."