बन्सीलाल सरांनी न गायलेल्या ओव्या

"सर, ही सूची आता मेली! फक्त खांदा द्यायचा बाकी आहे!"

हे वाक्य मी आमच्या प्राचार्यांना, प्रेमराज सरांना, भर सभेत ऐकवलं होतं. धुळ्यातल्या एका कॉलेजचा मी ग्रंथपाल. नाव भूपेंद्र, आवाज मोठा, आणि मत त्याहून मोठं!

आमच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरवर एक सारांश-सूची होती. कुणी कशावर संशोधन केलंय ते ती शोधून द्यायची, वर प्रत्येकाचा चार ओळींचा सारांशही द्यायची. वर्गणी दरवर्षी, वापरणारे मोजके. मी म्हटलं, "आता एआय आलंय सर! विचारलं की सांगतं. वर्गणी कशाला भरायची?"

वर्गणी बंद झाली आणि त्यातून ग्रंथालयाचं आधुनिकीकरण झालं. म्हणजे माझ्या केबिनमध्ये एसी बसला! मला त्याचं कौतुक एवढं की डिसेंबरातसुद्धा मी तो चालू ठेवायचो आणि आत स्वेटर घालून बसायचो.

त्याच थंडगार केबिनमध्ये एक दिवस मोनाली आली. साक्रीच्या पलीकडच्या डोंगराळ गावातली मुलगी. आश्रमशाळेतली तासिकेची नोकरी सोडून पीएच.डी.ला निघाली होती. विषयही सुरेख. तिच्याकडच्या बायका चुलीच्या राखेत बियाणं कसं जपतात, हा. या महिन्यात नोंदणी झाली तर शिष्यवृत्ती मिळणार, नाहीतर पुन्हा तासिका.

"भाऊ, यावर आधी कुणी काम केलंय का ते बघायचं होतं. सूची कुठे उघडायची?"

"सूची? अगं, बैलगाडी गेली ती! बस इथे, मी तुला विमान दाखवतो!"

मी एआयला विचारलं, "राखेत बियाणं जपण्यावर याआधी कुणीच काम केलेलं नाही ना?"

ते म्हणालं, "अगदी बरोबर! आपला प्रश्न फारच मार्मिक आहे."

झालं, मी विरघळलो! लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात मला असं एकदाही कुणी म्हटलेलं नाही. मग मी आसपासच्या विषयांवरचे जुने अभ्यास मागितले, तेही त्याने सारांशासकट धडाधड दिले. मोनाली जरा चाचरत म्हणाली, "भाऊ, हे एकदा ताडून बघू या का?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

बिचारीने वही मिटून पिशवीत ठेवली. मी ते सगळं जसंच्या तसं तिच्या प्रस्तावात घातलं. वाचलं का? छे! छापून इतकं देखणं आलं होतं की वाचायची गरजच वाटली नाही.

नोंदणीच्या समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून जळगावहून बन्सीलाल सर आले. या क्षेत्रातलं मोठं नाव. मी आधीच बामणोदची वांगी आणवून भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात असा बेत ठरवून ठेवला होता. भरताच्या वासावर निम्मी समिती तर आधीच खिशात आली होती!

सर प्रस्ताव चाळता चाळता एकदम थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी बियाण्यांना ओव्या ऐकवल्या?"

"काय सर?" प्रेमराज सर दचकले.

"इथे लिहिलंय. 'बन्सीलाल यांनी वांग्याच्या बियाण्यांना रोज पहाटे ओव्या गाऊन दाखवल्या, त्यामुळे उगवण दुप्पट झाली.' मी? ओव्या?"

समितीतल्या एका मॅडमनी तोंडाला पदर लावला. दुसरे सर खिडकीबाहेर बघू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आवाज मोठा ना! "सर, जुनं काम असेल, विसरला असाल तुम्ही. एआय कसं विसरेल? आत्ता विचारू या!"

लॅपटॉप उघडला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मी विचारलं, "हे काम आपलं नाही असं बन्सीलाल सर म्हणतात, खरं का?" उत्तर आलं, "क्षमस्व! आपण अगदी योग्य म्हणालात. हे संशोधन बन्सीलाल यांचं नसून त्यांच्या पत्नी भिकुबाई यांचं आहे."

"मी लग्नच केलेलं नाही!" बन्सीलाल सर कडाडले.

मी घाईघाईने तेही टाइप केलं. का केलं, देव जाणे! उत्तर आलं, "क्षमस्व! भिकुबाई यांच्याशी त्यांचा विवाह पुढे मोडला."

मॅडम सरळ उठून बाहेर गेल्या. व्हरांड्यातून त्यांचं हसणं आत ऐकू येत होतं.

बन्सीलाल सरांनी प्रस्ताव मिटला. आता ते ओरडले नाहीत. मोनालीकडे बघून म्हणाले, "बेटा, राखेतल्या बियाण्यावर माझा आख्खा प्रबंध आहे. जे मी केलं नाही ते इथे आहे, आणि जे केलं त्याचं नावही नाही. असा प्रस्ताव मी कसा मान्य करू? आधी नीट शोध, मग जूनच्या सभेत ये."

एवढं बोलून ते उठले आणि थेट गाडीत बसले. जळगावचा माणूस समोरचं भरीत न खाता उठून गेला! माझी मान वर होईना.

मोनालीची माफी मागावी म्हणून तिला शोधत गेलो. ती जिन्याखाली उभी राहून आईशी फोनवर बोलत होती.

"माय, आज काम नही व्हयनं. नही व, ग्रंथालयना भाऊनी काही चूक नही. मनंच वाचनं कमी पडनं."

मी मांजराच्या पावलांनी परत फिरलो. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी तोंड वर करून दोन शब्द तरी बोललो असतो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तसाच प्रेमराज सरांकडे गेलो. "सर, सूची परत सुरू करा. हवं तर माझा एसी काढा."

"काढलाच समज!" सर म्हणाले. त्याच आठवड्यात एसी निघाला आणि सरांच्या केबिनमध्ये लागला. सूचीही सुरू झाली.

मी मोनालीला बोलावून माफी मागितली. "जाऊ द्या हो भाऊ," एवढंच म्हणून ती कॉम्प्युटरपुढे बसली. मी मागे उभा. तिने विषय टाइप केला आणि पहिलंच नाव आलं ते बन्सीलाल सरांचं! खाली त्यांच्या प्रबंधाचा चार ओळींचा सारांश. ती हळूहळू वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. मग तिने तीच ओळ मोठ्याने वाचली.

"'साक्रीच्या डोंगराळ गावांत मात्र हा अभ्यास अद्याप झालेला नाही, तो कुणीतरी जरूर करावा.'"

म्हणजे सर तिचीच वाट बघत होते! ही एक ओळ प्रस्तावात असती, तर त्यांनी नोंदणीवर सही करून वर भरीतही मागून घेतलं असतं.

मोनालीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "भाऊ, तुम्हाला इतका घाम का आलाय? थंडी आहे की!"

"एसी काढून नेला ना," मी म्हटलं, आणि कपाळ पुसलं.