बागवान सर बाहेर थांबतात

मंगळवार, अकरा मार्च. उपस्थित: अध्यक्ष बागवान सर (बहुतेक वेळ दाराबाहेर), लिमयेबाई, गायकवाड सर आणि टिपणं घ्यायला मी.

कंसातला मजकूर चेष्टा म्हणून लिहिलेला नाही. आमच्या अनुदान समितीच्या प्रत्येक बैठकीत तो लिहावा लागतो.

आमचं विद्यापीठ दरवर्षी थोडे पैसे शहरातल्या छोट्या संस्थांसाठी बाजूला काढतं. बालवाड्या, अभ्यासिका, शिवणवर्ग, असल्या कामांसाठी. संस्था अर्ज करतात, समितीतलं कोणीतरी पाहणी करून येतं, मग तिघं सदस्य मत देतात. मी विस्तार विभागात कक्ष अधिकारी आहे. अर्ज, चहा आणि वेळ या तिन्ही गोष्टी माझ्याकडे. नियम एकच कडक आहे. अर्जदार संस्थेशी ज्याचा कसलाही संबंध असेल, त्या सदस्याने त्या विषयापुरतं बाहेर जायचं. उरलेल्या दोघांचं एकमत झालं तर अनुदान, नाही तर विषय पडला.

हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मेव्हणे आणि भाचे असणार. बागवान सर असणं शक्य नाही.

सर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. कुठलाही अर्ज हातात दिला की दोन पानं उलटून म्हणतात, "जाऊन तर बघू." पाहणीला आम्ही बाकीचे अर्धा तास देतो. सर सकाळी जातात ते दिवेलागणीला परततात, आणि तोवर ते तिथले पाहुणे राहिलेले नसतात.

येरवड्यात वस्तीतल्या मुलांना खेळणी घरी न्यायला देणारं एक खेळणीघर आहे. सर पाहणीला गेले आणि सभासद होऊन आले. येताना चाकं निखळलेली एक आगगाडी घेऊन आले. बैठकीत विषय निघताच उठले. "त्यांची गाडी अजून माझ्याकडे आहे. संबंध आला. मी जरा बाहेर थांबतो."

पुढचा विषय कर्वेनगरचा शिवणवर्ग. सर आत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा उठले. अंगातला सदरा तिथल्या मुलींनी शिवला होता. शिलाई दिलीत ना, मग कसला संबंध, असं गायकवाड सरांनी विचारलं. तर म्हणाले, "दिली. पण बाही आखूड झालीय, आणि मी ते त्यांना सांगितलेलं नाही."

शहराबाहेरच्या एका गावातल्या बायकांनी रोपवाटिकेसाठी अर्ज केला होता. संध्याकाळी फोन मलाच. "बाई, तुमचं सर हितंच हायती. मोटर दुरुस्त करत्यात. जेवूनच येतील, वाट बघू नका." मी त्यांची बायको नाही हे सांगायला तोंड उघडलं, तर पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला होता.

शेवटी मी सरांना यादी करून दिली. यादी केल्याशिवाय माझं काही होत नाही. पाहणीत काय करू नये: जेवू नये, दुरुस्ती करू नये, सभासद होऊ नये, काही घरी आणू नये. सरांनी ती मन लावून वाचली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि खिशात ठेवली. पुढे एका बालवाडीत मी गेले, तर तीच यादी घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली बसवलेली. टेबल आता हलत नव्हतं, हे मान्य करायला हवं.

दाराबाहेर पाण्याच्या कूलरशेजारी एक बाक आहे. सर तिथे बसतात. विषय संपला की दार उघडून "सर, या" म्हणणं हे माझं काम. काय ठरलं ते सर कधी विचारत नाहीत. "झालं?" एवढंच म्हणतात आणि जागेवर येऊन बसतात. लिमयेबाई त्या खुर्चीला 'राखीव' म्हणतात. पण त्या रिकाम्या खुर्चीसमोर आम्ही कधी ढिलाईने निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही. प्रत्येक अर्जात खोट काढणाऱ्या लिमयेबाईसुद्धा तोंड उघडण्याआधी एकदा दाराकडे बघतात. मतासाठी भांडणारी माणसं या इमारतीत मी पुष्कळ पाहिली. जिथे जीव लावला नेमकं तिथलंच मत सोडून उठणारा माणूस हा एकटाच. वैताग मला रोज येतो, पण त्या बाकाकडे बघताना आपण फार लहान आहोत असं वाटतं.

सरांची आणखी एक अट आहे. सकाळी साडेसातला त्यांना फोन करायचा नाही. "साडेसातला माझा फोन असतो." एकदा विसरून मी लावला, तर खरोखरच एंगेज. परदेशात मुलगी वगैरे असेल, असं मी धरून चालले.

त्या मंगळवारचा शेवटचा विषय कोथरूडच्या एका मंडळाचा होता. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांना ही मंडळी रोज सकाळी फोन करतात. उचलला नाही, तर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने कोणीतरी आत जाऊन बघतं. आजवर काम वर्गणीवर चाललं. आता वर्गणी आटली होती. अनुदान मिळालं नाही तर महिनाअखेर बंद करावं लागेल, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. या पाहणीला सर गेले नव्हते. असं पहिल्यांदाच झालं होतं. मी गेले होते. म्हणजे आज तरी अध्यक्ष खुर्चीत बसून मत देणार, या कल्पनेने मी चहाबरोबर बिस्किटंही मागवली होती.

त्यांच्या मताची गरजही होती. लिमयेबाई विरोधात. फोन करायला अनुदान कशाला, माझ्या बहिणीला मी रोज फुकट करते, असं त्यांचं म्हणणं. गायकवाड सर बाजूने. दोघांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

सर उठले.

"अहो, इथे आता काय दुरुस्त केलंत?" लिमयेबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग फोन करणाऱ्यांत आहात?"

सर खुर्ची आत सरकवत होते. "करणाऱ्यांत नाही," ते म्हणाले. "मला येतो. साडेसातला. आमची ही गेली तेव्हापासून." खिशातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी नीट बसवला. "त्याआधी दाढी करून बसतो मी. आवाज झोपेतला वाटायला नको."

दारापाशी मी त्यांना गाठलं आणि हळूच सांगितलं, की तुम्ही गेलात तर विषय पडेल, फोन बंद होईल.

"माहीत आहे, सुनीताबाई. मी जरा बाहेर थांबतो."

दार त्यांनी आवाज न करता लावलं.

लिमयेबाईंनी चष्मा काढून पुसला. ही मंडळी फोनवर बोलतात तरी काय, असं त्यांनी मला विचारलं. मी पाहणीत ऐकलं होतं ते सांगितलं. विशेष काही नाही. उठलात का, गुडघा कसा आहे, नाश्त्याला काय केलंत. उत्तर ऐकून घेतात, उद्या बोलू म्हणतात आणि पुढचा नंबर लावतात.

"'उद्या बोलू' म्हणतात?"

"रोज."

बाईंनी अर्ज मिटून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मंजूर लिहा." आणि थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नाही, "सरांची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. अर्ध्या पुण्याची मोडतोड सरांना पाठ आहे. त्यांच्या घरी आमच्यातलं कोणी कधी गेलेलं नव्हतं.

मी टिपण पूर्ण केलं, दोघांच्या सह्या घेतल्या, फायली बांधल्या. दाराच्या काचेतून सर दिसत होते. बाकावरून उठून ते कूलरचा गळका नळ आवळत होते. माझ्या यादीतली सगळी कामं झाली होती. दार उघडून "सर, या" म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि आमच्यापैकी कोणी उठत नव्हतं.