लुडबुड न करता मधमाश्या पाळण्याची पद्धत

घरच्या घरी नैसर्गिक पद्धतीनं मधमाश्या पाळायच्या, असा निर्णय सोसायटीच्या सचिवांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी घेतला आणि तो बायकोला तोंडी कळवला. आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं होतं. आता आपल्या भरवशावर काहीतरी जिवंत जगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. कुंडीतली झाडं त्यांनी याआधीच तपासून तपासून मारली होती.

मधमाशीपालनाच्या शिबिरातल्या बाईंनी पद्धत सोपी सांगितली. पेटी अंधारी हवी, दार बोटभर फटीएवढं, आत थोडं जुनं मेण चोळायचं. माश्या विकत आणायच्या नाहीत. जागा पसंत पडली की आपणहून येतात.

"आणि लुडबुड करायची नाही," बाई म्हणाल्या. "हेच लोकांना जमत नाही."

"मला जमेल," सचिव म्हणाले.

पेटी गॅलरीत बसली. लुडबुड होत नाही ना, याची खात्री करण्यासाठी सचिव दर तासाला झाकण उघडून आत बॅटरी मारू लागले. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी रहिवाशांसाठी सूचनाही चिकटवल्या. अख्ख्या उन्हाळ्यात एक कोळी तेवढा राहायला आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं जागा सोडली.

"अहो, त्या बॅटरीपुढे कोण टिकणार?" बायको म्हणाली. "मी टिकले, कारण मला पंख नाहीत."

मग एका सकाळी वॉचमननं बेल वाजवली. "साहेब, तुमच्या माश्या खाली उतरल्यात."

सचिव चपला न घालताच धावले. जिन्याखाली सोसायटीची तक्रारपेटी होती. तिच्या फटीतून माश्यांची ये-जा चालली होती. आत अंधार होता, फट बोटभरच होती, आणि ते सचिव झाले त्याच वर्षी किल्ली हरवल्यामुळे लुडबुडीचा प्रश्नच नव्हता. मेण सोडलं तर शिबिरातली एकेक अट ही पेटी पुरी करत होती. सचिवांनी पेटीला कान लावला. आतली गुणगुण ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी जिन्यातच सभा भरली. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई तावातावानं म्हणाल्या, "फवारणीवाल्याला बोलवा. आजच्या आज!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

माश्यांना वाचवायला सचिवांकडे धुराचं यंत्र नव्हतं की जाळी. होता तो फक्त नियम. त्यांनी घसा खाकरला.

"लेखी तक्रार आल्याशिवाय समितीला कारवाई करता येत नाही. नियम आहे."

नियम त्यांनीच केला होता.

"मग देते की लेखी!"

"जरूर द्या. पेटीत टाका."

बाई तरातरा जाऊन लिहून घेऊन आल्या. कागद फटीपाशी नेला, तशी एक माशी बाहेर आली आणि कागदाच्या कडेवर बसली. बाईंनी हात आखडता घेतला.

"तुम्हीच घ्या ना हातात."

"हातोहात दिलेली तक्रार ग्राह्य धरता येत नाही, बाई. उद्या कुणीही येईल आणि हातात देईल."

शेजारच्या काकांनी स्वयंपाकघरातला चिमटा आणून पाहिला. काका पळाले. चिमटा अजून तिथेच पडून आहे.

फवारणीवाला दोनदा आला, पण तक्रारीचा क्रमांक मिळेना, म्हणून दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला. वर्षअखेरीस सोसायट्यांच्या संघाला या इमारतीतून एकही तक्रार आल्याचं आढळलं नाही. 'तक्रारमुक्त इमारत' म्हणून ढाल मिळाली. बाजूच्या इमारतीचे सचिव मुद्दाम बघायला आले.

"या माश्या मिळतात कुठे?"

"मिळत नाहीत, येतात. पेटी मात्र कधी म्हणजे कधी उघडायची नाही."

"ते तर आम्ही पाळतोच," पाहुणे म्हणाले.

रात्री ढाल पुसता पुसता बायको म्हणाली, "बघा, इतक्या वर्षांत ज्या एका गोष्टीकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत, तीच जगली." सचिवांनी ही सूचना नोंदवून घेतली आणि गॅलरीतली बॅटरी कपाटात ठेवली.

हसू आलं असेल, तर तुमच्याही जिन्याखालच्या पेटीला एकदा कान लावून बघा. गुणगुण ऐकू आली तर उत्तमच. नाही आली, तर आजवर तुम्ही तिच्यात तुमची तक्रार का टाकली नाहीत, याचं दुसरं काहीतरी कारण तुम्हाला शोधावं लागेल.