तोंडात स्क्रू धरायची रीत

सगळी नोकरी वॉर्डात घालवल्यावर थोरल्या सिस्टर पदवीसाठी पुन्हा कॉलेजात जाऊन बसल्या. बाकी सगळ्या विषयांत पास झाल्या. ‘सांस्कृतिक जाण’ या विषयाच्या प्रात्यक्षिकात मात्र दोनदा आपटल्या. पहिल्या खेपेला त्यांनी पेशंटला न विचारता उशी सरकवली. दुसऱ्या खेपेला विचारलं, पण तो ‘हूं’ म्हणायच्या आत सरकवली. यंदाही गचकल्या, तर मेट्रनची जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरीला मिळणार होती.

“आत लांबून आलेला पाहुणा आहे,” परीक्षक बाई दाराशी म्हणाल्या. “त्याला आपली भाषा येत नाही. त्याच्या रीती ओळखा, त्यांचा मान राखा. मी काचेतून बघतेय.”

पाहुणा व्हायला बोलावलेला नट अजून कँटीनमध्ये चहा पीत होता. आत होता इलेक्ट्रिशियन. पंखा दुरुस्त करायला तो अनवाणी पलंगावर चढला होता. कपाळाला दिवा बांधलेला, ओठांत चार स्क्रू.

थोरल्या सिस्टरनी आधी स्वतःच्या चपला काढल्या. मग हळूच विचारलं, “प्रार्थना चाललीय का? मी थांबते.”

“उं, उं,” इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि भिंतीवरच्या बटणाकडे बोट केलं. ते बंद करा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

“त्या दिशेला तोंड हवंय होय,” असं पुटपुटत सिस्टरनी चाकं मोकळी केली आणि पलंग त्याच्यासकट फिरवायला घेतला. इलेक्ट्रिशियनने पंख्याला मिठी मारली. ती भक्ती बघून सिस्टरना भरून आलं.

“उंऽ उंऽ,” तो वरून ओरडला.

“उं, उं,” सिस्टरनीही हात जोडून साथ दिली. काचेपलीकडे परीक्षक बाई खूश होऊन मान डोलवत होत्या. काय काम करतो हा नट, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात पलंगाला हिसका बसला आणि एक स्क्रू घशात गेला. इलेक्ट्रिशियन लाल झाला, मग निळा. सिस्टरनी सगळी सांस्कृतिक जाण गुंडाळून ठेवली, त्याला खाली ओढलं, ओणवं केलं आणि पाठीत असे धपाटे घातले की स्क्रू टणकन काचेवर जाऊन आपटला.

परीक्षक बाई आत आल्या. “छान चाललं होतं हो. पण परवानगी न घेता धपाटे?”

“अहो, गुदमरला होता तो.”

“ते झालंच. पण त्यांच्याकडे हा अपमान असला तर? तुम्हाला नापास करावं लागेल.” मग त्या पाहुण्याकडे वळल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “तुमच्याकडे... पाठीत... धपाटा... चालतो का?”

इलेक्ट्रिशियनने घसा चोळत विचार केला. “चालतो की. आधी आई घालायची, आता बायको घालते.”

परीक्षक बाई सिस्टरकडे वळल्या. “एवढ्यात त्याला आपली भाषासुद्धा शिकवलीत?”

“थोडीफार,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या.