उमाजीच्या डोक्याचा मान

माणसाचं डोकं ही गावाची मालमत्ता असते. ज्याच्या त्याच्या खांद्यावर ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं. झरीकडच्या एका गावाने निजामाच्या अमलात हे तत्त्व इतकं चोख पाळलं, की त्या गावाचं कौतुक करावं तेवढं थोडं.

उमाजी पैलवानाने वीस वर्षं कुस्त्या मारल्या. टक्कर हा त्याचा खास डाव. समोरच्याच्या कपाळावर कपाळ आपटायचं. जो आधी उठेल तो जिंकला. (बहुतेक उमाजीच उठे. जिंकलो हे मात्र त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागे.) वय झाल्यावर कुस्ती सुटली, तेव्हा गावाने त्याला कायमचा मान दिला. जत्रेचा आखाडा उघडताना डोक्यावर पाच नारळ फोडायचे.

पुढे उमाजी घरची वाट चुकायला लागला. मग मेंढरांची गणती गेली. मग तो मेलेल्या भावाला जेवायला हाका मारू लागला. पंचांनी रीतसर चौकशी केली. (जबानी अकरा जणांची, पैकी नऊ हलगीवाले व नारळवाले.) कारणं निघाली ती अशी: ऊन, बायकोची कटकट आणि अपुरे नारळ. सबब पाचाचे सात झाले.

यंदा त्याची बायको भिवराबाई चावडीवर गेली. घरातलं एकेक नाव उमाजीच्या डोक्यातून गेलं होतं. तिचं तेवढं उरलं होतं, आणि ते तिला राखायचं होतं.

"पाटील, माझ्या भावाचा, मल्हारीचा, एडका हाय," ती म्हणाली. "लय टकरी खाल्ल्या, अन् भिताडाकडं तोंड करून उभा राहायला लागला. भावानं त्याला टकरीतून काढला. आता पेंड चारायलाय, पाठीवर हात फिरवायलाय. माझ्या मालकाला एडक्याएवढं तरी धरा."

पंचांचे म्होरके माणिकराव पाटील मनापासून हळहळले. "भिवराबाई, एडक्याला अब्रू नसती. पैलवानाला असती. अन् उमाजी स्वतः तर कधी कुरकुरला न्हाई!"

"कुरकुरायला काय दुखायलंय ते ध्यानात राहावं लागतंय, पाटील."

मुद्दा वजनदार होता, म्हणून पंचांनी तो लिहून घेतला आणि ठराव केला, की ज्याचं डोकं त्यानेच तक्रार करावी. उमाजीला समोर उभं केलं. सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून तो हसला. म्हणाला, "आणा नारळ."

(एकमताने मंजूर.)

जत्रेत सातही नारळ फुटले. हलगी अशी कडाडली, की लोक टोप्या उडवून नाचले. उमाजी तांबड्या मातीत खाली बसला. भिवराबाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, अंग चोरलं आणि अदबीने हात जोडले.

"बाई, तुमी कुणाच्या?"

पुढच्या सालासाठी नऊ नारळांचा ठराव झाला आहे. विरोधात कोणी नाही. पैलवानाच्या डोक्यावरचं खोबरं लय गोड निघालं, असं सगळेच म्हणाले. तुम्ही तर प्रसादाला दोनदा हात पुढे केलात. आठवत नाही? नवल आहे. तुमच्या डोक्यावर तर एकही नारळ फुटला नव्हता.