काकूंच्या फोनचं अपचन

मीटरकाकांनी स्वतःची ओळख स्वतःच लिहून काढली होती आणि वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टकडून ती चार प्रतींत टंकून घेतली होती. ‘गरुडाची नजर, बर्फासारखं डोकं, घड्याळासारखी शिस्त. मीटर रीडर म्हणून एकतीस वर्षं साडेचार हजार घरांच्या जिन्याखाली वाकून सत्य शोधलं. कुत्री नऊ वेळा चावली, तपास एकदाही थांबला नाही. निवृत्तीनंतर खाजगी अन्वेषक. गुंतागुंतीची प्रकरणं विशेष आवडीनं घेतली जातील.’ टंकून आलेला कागद वाचल्यावर खुद्द काकांनाच वाटलं, की या माणसाला एकदा भेटायला हवं. खरं तर त्या साडेचार हजार घरांत त्यांनी फक्त आकडे टिपले होते. आणि नऊपैकी सात वेळा चावलेलं कुत्रं एकच होतं. ते शेवटी शेवटी कंटाळलं होतं.

निवृत्तीला दोन वर्षं झाली होती आणि एकच प्रकरण हाती आलं होतं. ते म्हणजे तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची हरवलेली छत्री. काकांनी छत्री तीन दिवसांत शोधून दिली. ती भलत्याचीच निघाली, आणि त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही. त्यामुळे बुधवारी सकाळी काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, फोन हातात धरून म्हणाल्या, “अहो, हा रोज संध्याकाळी पाचच्या आत बंद पडतोय, बॅटरी बदलू का?” तेव्हा काकांच्या अंगात वारं शिरलं.

“बॅटरी बदलणं हा निष्कर्ष झाला,” ते म्हणाले. “तपासाआधी निष्कर्ष? माझ्या घरात?”

“तुमच्या घरात तपासानंतर तरी कुठे निघतो? आणि फोन माझा आहे.”

प्रश्न साधा दिसत होता, पण तसा नव्हता. काकूंची धाकटी बहीण दुसऱ्या गावात एकटी राहायची. सोमवारी तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं. काही मोठं नाही असं सगळे म्हणत होते आणि सगळेच म्हणत होते म्हणून धाकटी घाबरून गेली होती. रविवारी काकू तिच्याकडे निघणार होत्या. दोन दिवस दवाखान्यात बसायचं, डॉक्टरांचे, नातेवाइकांचे फोन घ्यायचे, आणि फोन पाचला मान टाकणार. नवा फोन नको होता. काकूंची नजर अधू होती. या पाच वर्षांच्या फोनवर अक्षरं शेंगदाण्याएवढी केलेली होती आणि पहिल्याच चौकोनात धाकटीचा फोटो होता. तो त्यांना डोळे मिटूनही अंगठ्यानं सापडायचा. आणि बॅटरी बदलायची तर दुरुस्तीवाल्या बाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, “या मॉडेलची काच चिकटवलेली असते, काकू. उघडताना चारांतली एक तडकते. तडकली तर स्क्रीन गेलाच समजा.”

“शनिवारपर्यंत वेळ द्या,” काका म्हणाले.

“शनिवारी सकाळी मी तो दुकानात टाकणार,” काकू म्हणाल्या. “तोवर काय दिवे लावायचे ते लावा.”

काकांनी टायपिस्टला खाली बोलावलं. टायपिस्टचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं कागदावर उतरवण्यात गेलं होतं. कुणी बोलू लागलं की त्याची बोटं आपोआप चालायची. आता टाइपरायटर नव्हता, म्हणून तो वहीत लिहायचा. काका म्हणतील ते शब्दशः लिहायचा, स्वतःचं मत कंसातही घालायचा नाही.

“लिहा,” काका येरझाऱ्या घालत म्हणाले. “फोन म्हणजे काय? विजेचं घर. विजेच्या घरात शिरायचं कसं? मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी. जगातलं प्रत्येक सत्य या वजाबाकीत बसतं.”

“आणि मधल्या काळात काय झालं ते, साहेब?”

“मीटर रीडरला मधल्या काळाशी देणंघेणं नसतं.”

टायपिस्टनं तेही लिहून घेतलं.

काकूंचा रिवाज ठरलेला होता. साडेनऊला जेवणाची झाकपाक झाली की फोन हॉलमधल्या चार्जरला लावायचा आणि सकाळी सातला काढायचा. पूर्वी चार्जर झोपायच्या खोलीत होता. पण फोन अंधारात हिरवा डोळा मिचकावतो, आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय असं वाटतं, अशी तक्रार करून काकांनीच तो तीन आठवड्यांपूर्वी हॉलमध्ये हलवला होता. पाळत ठेवणाऱ्या माणसाला पाळतीची भीती जास्त, हे ते खाजगीत कबूल करायचे. बाकी त्यांची शिस्त चोख होती. दहाला घर निजवायचं, सहाला उठवायचं, सातला चहा.

पाचला बंद पडल्यावर काकूंनी फोन थोडा वेळ लावून घेतला होता, म्हणून साडेनऊचं रीडिंग निघालं अकरा टक्के आणि सकाळी सातचं अठ्ठेचाळीस.

“साडेनऊ तासांत सदतीस टक्के!” काकांनी टाळी वाजवली. “म्हणजे तासाला चार. माणूस रात्रभर पंगतीत बसलाय आणि चार घास खाऊन उठलाय. याला काय म्हणतात?”

“डाएट?” टायपिस्ट म्हणाला.

“अपचन! बॅटरीचं पोट आक्रसलंय.”

काकू चहा गाळत होत्या. “म्हणजे बदलायला हवी ना? मी तेच म्हणत होते.”

हे ऐकून काका सुखावायला हवे होते, पण उलटंच झालं. बायकोनं न तपासता जे बुधवारी सांगितलं तेच आपण तपासून गुरुवारी सांगायचं, यात अन्वेषकाची शोभा ती काय? त्यांनी अपचनावर काट मारली आणि चोरीकडे वळले.

चोरीचा पहिला संशय टायपिस्टवर गेला, कारण त्याचा फोन कधीही पाहा, शंभर टक्के. “इतका भरलेला फोन,” काका त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले, “सरळ माणसाचा नसतो.”

“मला कुणी फोन करत नाही, साहेब,” टायपिस्ट म्हणाला आणि आपल्यावरचा संशय सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. काकांना वाईट वाटलं. आपल्यालाही टायपिस्टशिवाय कुणी करत नाही, हे त्यांना तेव्हाच आठवलं.

मग पावलं मोजणारं ॲप पकडलं गेलं. काकू दिवसभर घरात असताना त्यानं अकरा हजार पावलं दाखवली होती. “बनावट नोंद!” काका गरजले. काकूंनी त्यांना हाताला धरून एक दिवस आपल्यामागे फिरवलं. स्वयंपाकघर, दार, गच्ची, पुन्हा दार, खालचं दुकान, पुन्हा गच्ची. दुपारी तीनपर्यंत काका आठ हजारांवर येऊन खुर्चीत कोसळले. ॲपची निर्दोष मुक्तता झाली. एकतीस वर्षं आपण चालण्याची नोकरी केली असं समजत होतो, ती बसण्याची होती, असं त्यांना त्या खुर्चीत वाटून गेलं.

शुक्रवारी मात्र त्यांनी हद्द केली. वीज कुणीतरी हवेतून ओढून घेतंय अशी त्यांची खात्री पटली होती. काकू बाजारात गेल्याचं बघून त्यांनी फोन स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, डबा कपाटात ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. मोहीम गुप्त असल्यानं स्वतःचा फोनही बंद केला.

“आता बाहेरचा एक किरण आत जाणार नाही,” ते म्हणाले. “दुपारी दोनला उघडू. आकडा जागचा हलला नसेल, तर चोर बाहेरचा.”

काकू बाराला परतल्या आणि फोन शोधू लागल्या. “तपासात आहे,” एवढंच उत्तर त्यांना मिळालं.

दोनला डबा उघडला. फोन भाजून काढल्यासारखा तापला होता. डब्यात बिचाऱ्याला रेंज मिळत नव्हती, आणि तो पाच तास जिवाच्या आकांतानं ती शोधत बसला होता. आकडा होता तीन. काका तो वाचेपर्यंत फोन बंद पडला.

चार्जरला लावून तो पुन्हा सुरू केला तेव्हा टुणटुण आवाज करत निरोप आले. धाकटीनं सहा वेळा फोन केला होता. मग काकांच्या बंद फोनवर दोनदा. शेवटी एक मेसेज होता. काकूंनी तो डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचला. “डॉक्टरांनी आज सगळं समजावून सांगितलं. ऐकून खूप घाबरले होते, म्हणून करत होते. आता ठीक आहे. काळजी करू नकोस.”

काकू काही बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. तीस वर्षांत त्यांना रागाची सवय झाली होती, पण गप्प बसण्याची नव्हती. टायपिस्टनं वही मिटली. त्या दुपारचं त्यानं काहीच लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी काकू बॅग भरत होत्या. त्यांनी फोन काकांच्या हातात दिला. “जा आणि बदलून आणा. तडकला तर तडकला. माझी आता हिंमत नाही.”

दुरुस्तीवालीचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट होती. काउंटरवर दिवा, चिमटे आणि उघडून ठेवलेले पाच-सहा फोन. टायपिस्टला सोबत घेऊन आलेल्या काकांनी अकरा रीडिंगांचा कागद पुढे केला. तिनं तो सौजन्यानं उलटा धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग फोन आपल्या यंत्राला लावला, सेटिंगमध्ये शिरली, दोनदा बोट फिरवलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

“बॅटरी म्हातारी आहे, पण अजून चालतीफिरती आहे, काका. वर्षभर तरी काही करू नका.” तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यावर डोंगरासारखी एक रेघ होती. “हे बघा. रोज रात्री साडेनऊला चार्जिंग सुरू. बरोबर दहाला बंद. पुन्हा सकाळी सहाला सुरू. मधे आठ तास काहीच नाही. तुमच्याकडे रोज रात्री वीज जाते का?”

काका दुखावले. टायपिस्टनं सवयीनं वही उघडली.

“माझ्या घरात वीज जाते?” काका छाती काढून म्हणाले. “बाई, मी विजेच्या खात्यातला माणूस! एकतीस वर्षांत माझ्या घरात एक दिवा फुकट जळलेला नाही. दहाच्या ठोक्याला मी स्वतः, या हातानं, हॉलचा मेन स्विच...”

टायपिस्टची पेन्सिल थांबली. त्यानं वाट पाहिली, मग अदबीनं विचारलं, “‘स्विच’च्या पुढे काय लिहू, साहेब?”

काकांनी घाम पुसला. रोज दहाला बंद आणि रोज सहाला, काकू फोन काढायच्या तासभर आधी, चालू. सातला रीडिंग घ्यायला येणारा अन्वेषक तोच, आणि त्याला मधल्या काळाशी देणंघेणं नव्हतं.

तेव्हा त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. बॅटरी बदलून टाकायची. घरी जाऊन सांगायचं, अपचनच होतं. आजपासून स्विच गुपचूप चालू ठेवायचा. उद्या फोन शंभर टक्के, काकू खूश, प्रकरण निकाली. टायपिस्ट काय, सांगू तेवढंच लिहील.

“तरी बदलाच तुम्ही,” ते म्हणाले. आवाज जरा बारीक निघाला.

“चांगली आहे हो ती. उगाच काच तडकली तर?” तिनं चिमटा उचलला. “तुम्ही म्हणत असाल तर उघडते.”

काका चिमट्याकडे बघत राहिले. स्क्रीनवर पहिल्या चौकोनात धाकटी हसत होती, आणि काचेवर त्याच जागी काकूंच्या अंगठ्यानं एक पुसट गोल पडला होता.

“नको,” ते म्हणाले. “उघडू नका.”

घरी काकू साड्यांच्या घड्या घालत होत्या. काका दारातच उभे राहिले आणि उभ्यानंच सगळा अहवाल दिला. काही गाळलं नाही. काकूंच्या हातातली घडी अर्धवट राहिली.

“म्हणजे तीन आठवडे रोज मी फोन लावत होते,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि तुम्ही बंद करत होतात.”

“हो.”

“आणि चार दिवस शोधत कुणाला होतात?”

“चोराला,” काका म्हणाले. “माझं चुकलं गं. काल ती घाबरलेली असताना... फार चुकलं माझं.”

काकूंनी फोन घेतला, पहिल्या चौकोनावर अंगठा ठेवला आणि फोन त्यांच्या हातात परत दिला. “मला नका सांगू. तिला सांगा.”

ही शिक्षा काकांना कुत्र्यांपेक्षा जड वाटली. पलीकडून बारीक, थकलेला आवाज आला. “ताई?”

“मी बोलतोय. काल तुझा फोन लागला नाही ना, त्याचा गुन्हेगार सापडलाय.”

“कोण, भावोजी?”

काकांनी सांगायला सुरुवात केली. काल फोन डब्यात होता, हे आधी चाचरत सांगितलं. मग रेघेचा डोंगर आला, मग मेन स्विच आला, आणि पलीकडे एकदम काहीच ऐकू येईना. रडते की काय, म्हणून काका घाबरले. तेवढ्यात ती फुटली. धाकटी हसत होती. खोकत, थांबत, पोट दुखतंय हो म्हणत पुन्हा हसत होती. काकू घड्या टाकून जवळ आल्या. पंधरा दिवसांत बहिणीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“थांबा थांबा,” ती म्हणाली. “डबा कशाला? डब्यात का ठेवलात?”

मग काकांनी डब्याचं सांगितलं. अपचन, टायपिस्टवरचा आळ आणि आठ हजार पावलं सांगितली. गरुडाच्या नजरेचा कागद आणून वाचून दाखवला. काल ज्याची लाज वाटत होती ते आता ते तिखटमीठ लावून सांगत होते. मुळात जेवढे मूर्ख होते, त्याहून जरा जास्तच मूर्ख होऊन दाखवत होते.

“बरं वाटलं हो,” धाकटी शेवटी डोळे पुसत असावी अशा आवाजात म्हणाली. “सोमवारी आत नेताना भीती वाटली ना, की मी दुकानातलं तुमचं तोंड डोळ्यांसमोर आणणार.”

“आण,” काका म्हणाले. आपल्या तोंडाचा कुणाला इतका उपयोग होईल असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.