भोयेकाकांचं ध्यान

आमचे शेजारी भोयेकाका ध्यानाला बसले की सगळ्या आळीला कळतं, कारण ते ध्यानात बोलतात.

"बाई, दूध उतू चाललंय." मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले. मी धावत आत जाते तर दूध खरंच वर आलेलं. "मन रिकामं असलं की सगळं कळतं," बाहेरून आवाज येतो.

काका मूळचे साखरशेतचे. जव्हारला सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. त्यांची खोली आणि आमचं घर यांना ओटा एकच. त्यावर रोज सकाळी ते दोन सतरंज्या अंथरतात. एक स्वतःला, दुसरी जो सापडेल त्याला. दूधवाला सापडला, गॅसवाला सापडला. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार सापडला. बिचाऱ्याला नाही म्हणायचीही सोय नव्हती.

मी मोखाड्याच्या शाळेत शिकवते. सकाळी डबा एका हातात, चप्पल दुसऱ्या हातात, आणि काका आडवे.

"बाई, टेका जराशा. थोडे श्वास घ्या."

"काका, एसटी जाईल!"

"एसटी जाते. श्वास येतो."

एसटी मात्र खरोखरच जाते. मग जीपमध्ये कोंबड्यांच्या पाटीशेजारी अवघडून बसत मी काकांच्या श्वासाचा उद्धार करते.

"घरात बसा की एकटे!" मी कितीदा सांगितलं.

"एकट्यानं मजा नाही, बाई."

ध्यानात मजा! जसा काही पत्त्यांचा डावच. सासूबाई तर त्यांना सरळ बगळा म्हणायच्या, तेही ऐकू जाईल अशा बेतानं.

मागच्या थंडीत एका दुपारी सासूबाईंचा दमा उसळला. पंप ओढला, तरी उतार पडेना. धाप लागली की घाबरायच्या, घाबरल्या की आणखी धाप. बोलावलेली रिक्षा येईना. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात काका न विचारता आत आले, पलंगाशी जमिनीवर बसले आणि त्यांनी सासूबाईंचा हात धरला.

"मावशी, माझ्याकडं बघा. मी घेतो तसा घ्या. सावकाश. आता सोडा."

उपदेश नाही, काही नाही. नुसते श्वास घेत राहिले. हळूहळू सासूबाईंचे खांदे खाली आले. रिक्षा आली तरी त्या हात सोडेनात, म्हणून काका तसेच अनवाणी रिक्षात बसले.

दवाखान्यात वाफ सुरू झाल्यावर आम्ही बाहेर बाकावर टेकलो. मी विचारलं, "काका, हे कुठं शिकलात?"

"हिला दमा होता ना." काकूंबद्दल त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. आम्ही इथं राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. "रोज सकाळी दोघं बसायचो. ती माझ्या मागनं श्वास घ्यायची. मला वाटायचं, मी तिला शिकवतोय." काका आपल्या धुळकट पायांकडे बघत राहिले. "आता एकटा बसलो की ताल चुकतो, बाई."

आतून नर्सनं आवाज दिला, "आजींचं घरचं माणूस कोण आहे?"

माझ्याआधी काका उठले.